कार्डाला आसन

शालन आत्याची भरतकामाची मशीन घरी आली, आणि तिचं सगळं बिल एक रुपयाही व्याज न पडता वेळेत भरलं गेलं.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. खंडेनवमीच्या सकाळी मी अंघोळ करून टॉवेल गुंडाळून बाहेर आलो तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि कथेत वाचकाला नायकापेक्षा जास्त माहिती असणं मला पटत नाही. नायक मी आहे. टॉवेल सदूमामांचा होता.

बाहेरच्या खोलीत पूजा मांडून झाली होती. पाटावर मोठी पितळी परात. परातीत आत्याची कात्री, बॉबिन, मामांची पक्कड, टेस्टर, स्वयंपाकघरातली विळी, नारळ फोडायचा कोयता. प्रत्येकाला हळद-कुंकू, प्रत्येकावर झेंडू. आणि सगळ्यांच्या मधोमध, कुंकवाचं बोट ओढलेलं, अक्षता वाहिलेलं, माझं क्रेडिट कार्ड.

"आत्या, हे काय आहे?"

"तुझं हत्यार."

"ते माझं कार्ड आहे!"

"मग? माझी कात्री ठेवली, यांची पक्कड ठेवली. तुझं काय ठेवायचं? तू पुण्यात नेमकं काय करतोस ते मला तीनदा सांगून झालंय, तरी कळलेलं नाही. आठवडाभर तूच म्हणतोयस ना, सगळं या कार्डावर आहे म्हणून?"

म्हणत होतो, हे खरं. मी पुढे झालो.

"हात लावशील तर बघ," सदूमामा म्हणाले. ते आत्याचे यजमान, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. दिवसाला साधारण चार वाक्यं बोलत. त्यातलं हे पहिलं होतं. "पूजलेलं हत्यार उद्या उत्तरपूजा झाल्याशिवाय हलवायचं नाही. आज त्याचा आरामाचा दिवस."

"मामा, आजच त्याच्या कामाचा दिवस आहे."

"ते त्याला आधी सांगायचं."

आता माझी बाजू ऐका. माझा क्रेडिट कार्डाचा अभ्यास दांडगा होता, कारण वापर जवळजवळ शून्य होता. तोवर त्या कार्डावर मी फक्त एक छत्री घेतली होती आणि तिचे पैसे इतक्या लवकर भरले होते की बँकेला वाईट वाटलं असावं. पण पुस्तकी ज्ञान पक्कं होतं. मोठी वस्तू कार्डावर घ्यायची तर बिल बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी घ्यावी. म्हणजे ती पुढच्या महिन्याच्या बिलात जाते, आणि त्या बिलाचे पैसे भरायला आणखी मुदत मिळते. माझं बिल अष्टमीला बंद झालं होतं. आज घेतलेली मशीन दिवाळी उलटून गेल्यावर फेडायची होती, आणि आत्याची भिशी दिवाळीनंतरच्या पहिल्याच रविवारी लागणार होती. ठरलेला नंबर होता, चिठ्ठी-बिठ्ठी नाही. वर, त्या कार्डावर दुकानात साडेसात हजारांची सूट होती, ती आज दुकान बंद होईपर्यंतच. दसऱ्याला लोक सूट नसली तरी घेतातच, हे बँकेलाही माहीत असतं.

थोडक्यात, पंचांगवाल्याला जमणार नाही असा मुहूर्त मी काढला होता. तो आज होता. आणि कार्ड आरामात होतं.

"शिवाय अख्खं बिल भरायचं, हेही ठरलंय ना?" मी आत्याला म्हणालो. "बिलावर ‘किमान रक्कम’ म्हणून छोटा गोड आकडा असतो, तेवढाच भरला की बाकीच्यावर व्याज सुरू. त्याच्याकडे..."

"बघायचंसुद्धा नाही. पाठ आहे मला. पण ते भरण्याचं झालं. हलवण्याचं नाही."

मशीन आत्याला हौस म्हणून नको होती. कराडातल्या एका महिला ढोलपथकाने दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमासाठी चाळीस जाकिटं करायला काढली होती, प्रत्येकाच्या पाठीवर जरीत वाघाचं तोंड. आत्याने नमुन्याचा वाघ हाताने भरून दाखवला. दिवसभर राबली बिचारी. पथकाच्या ताईंनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "मांजर फार गोड आलंय." मग त्यांनी सांगून टाकलं, दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत जी कोणी मशीनवरचा वाघ दाखवील तिला ऑर्डर.

जी कोणी म्हणजे दोघीच होत्या. शालन आत्या आणि मंदा शेवाळे.

या दोघींनी एकाच खोलीत, समोरासमोर मशिनी मांडून चौदा वर्षं ब्लाउज शिवले. मग सहा वर्षांपूर्वी भांडण झालं. कारण टेबल फॅन. तो फिरता ठेवायचा की एका जागी, आणि एका जागी तर कोणाकडे तोंड करून, यावर एकमत झालं नाही. मंदाकाकू आपली मशीन उचलून पलीकडच्या गल्लीत गेल्या. फॅन आत्याकडे राहिला. तेव्हापासून तो फक्त आत्याकडेच तोंड करून फिरतो, किंबहुना फिरत नाही. समोरची जागा मोकळी असली तरी.

आणि अख्ख्या कराडात ती भरतकामाची मशीन एकच शिल्लक होती. जंगम शिलाई मशीनच्या शोरूममध्ये, काचेमागे.

"ऑनलाइन भरतो," मी टॉवेल सावरत म्हणालो. "नंबर समोर दिसतोय. हलवायची गरजच नाही."

आत्याचा चेहरा उजळला. मी फोनवर नंबर टाकला. कुंकवाखालचा एक आकडा अंदाजाने टाकला, तो बरोबर निघाला. मग फोनने कार्डामागचे तीन आकडे मागितले.

"काय झालं?" आत्याने विचारलं.

"मागे आहेत."

"तोंडपाठ नाहीत तुला?"

हे तीन आकडे आधी पाठ करावेत आणि मग कार्डावरून खोडून टाकावेत, म्हणजे कोणी चोरू शकत नाही, असा सल्ला मी वाचला होता. त्यातलं दुसरं काम मी उत्साहाच्या भरात आधी उरकलं होतं.

"नाहीत," मी म्हणालो. "पण आता कोणी चोरूही शकत नाही."

"म्हणजे कार्ड उलटं केलं असतं तरी उपयोग नव्हता?"

"नव्हता."

"मग उगाच यांच्याशी वाद घालत होतास होय," असं म्हणून आत्या नैवेद्याची पुरी तळायला गेली. पण ती पुरी फुगली नाही, म्हणजे आत्याचं लक्ष नव्हतं. ती परत बाहेर आली, काच पुसावी तसा पदराने कपाळावरचा घाम पुसला आणि मला हळूच म्हणाली, "निनाद, मला परत हाताने वाघ भरायला लावू नकोस रे."

तेव्हा मी जंगमशेठना फोन केला.

"शेठ, कार्ड दुकानात येऊ शकत नाही."

"आजारी आहे का?"

"पूजेत आहे."

जंगमशेठ कराडचे होते, त्यामुळे पुढचा प्रश्न अगदी योग्य आला. "उत्तरपूजा कधी?"

"उद्या. पण तुमचं स्वाइप मशीन बिनवायरचं आहे ना? कार्ड मशीनकडे येत नसेल, तर मशीन कार्डाकडे येऊ शकतं."

मी मामांकडे पाहिलं. मामांनी बराच विचार केला. "हत्यार हललं नाही म्हणजे झालं. हत्याराला भेटायला कोण येतं, ते हत्याराच्या हातात नसतं."

तिसरं वाक्य. आणि काय वाक्य!

दुपारी जंगमशेठ आले. चपला काढल्या, आधी परातीला नमस्कार केला, मग खिशातून मशीन काढलं. मी एव्हाना पँट घातली होती, कारण प्रसंग गंभीर होता. त्यांनी रक्कम टाकली आणि मशीन हळूच परातीत उतरवून त्याचं डोकं माझ्या कार्डावर टेकवलं. आम्ही चौघं श्वास रोखून वाकलो.

काही नाही.

परत रक्कम. परत टेकवलं. काही नाही.

"कुंकवामुळे असेल," मी म्हणालो.

"कुंकवाने कुणाचं वाईट झालेलं नाही," आत्या म्हणाली.

जंगमशेठ परातीकडे बघत म्हणाले, "खाली पितळ आहे हो वहिनी. धातूवर ठेवलं की कार्ड मुकं होतं. जरा हातभर वर उचललं..."

"शेठ!" मामा आणि आत्या एकदम म्हणाले. मी मामांचं हे वाक्य मोजत नाही, ते समूहगान होतं.

एवढ्यात शेठचा फोन वाजला. मशीन तसंच परातीत टेकवून ठेवून त्यांनी तो उचलला, आणि त्यांचा आवाज एकदम दुकानातला झाला. "हां, मंदाताई... भरतकामाची? आहे ना, एकच आहे... कार्डावर? नाही, स्वाइप मशीन जरा बाहेर... थांबा, लगेच आलोच मी. बसा, पंखा लावायला सांगा."

आत्याने शेठकडे पाहिलं. त्या नजरेने पुरी फुगली असती.

"वहिनी, माझा धंदा आहे," शेठ कसनुसे होत म्हणाले. "तुमचं कार्ड चालत नाही, त्यांचं चालतं. त्या दुकानात उभ्या आहेत. मी जातो, तुमचं काही जमलं तर..."

त्यांनी मशीनकडे हात नेला. तेवढ्यात मामा शांतपणे म्हणाले, "अगं, तेही हत्यारच आहे की. जंगमांचं. दारी आलंय नवमीला. त्याला कुंकू नको लावायला?"

आत्याचा हात करंड्याकडे गेला तो इतक्या सवयीने गेला, की डोक्याला विचारलंच नसावं. हळद. कुंकू. अक्षता. वर एक झेंडू, नेमका हिरव्या बटणावर.

जंगमशेठचा हात हवेत राहिला. "वहिनी... ते माझं मशीन आहे."

"होतं," मामा म्हणाले. "उद्या उत्तरपूजेनंतर परत होईल."

"अहो, नवमीची संध्याकाळ तोंडावर आहे! माझी सगळी गिऱ्हाईकं...?"

"बटणं दाबायला हरकत नाही. दाबणं म्हणजे हलवणं नाही. गिऱ्हाईकं इकडे बोलवा."

मामांची चार वाक्यं केव्हाच संपली होती. मी मोजायचं सोडून दिलं.

शेठनी आमच्या व्हरांड्यात खुर्ची टाकली आणि दुकानात फोन केला. आणि थोड्याच वेळात, सहा वर्षांत पहिल्यांदा, मंदा शेवाळे आमच्या दारात उभ्या राहिल्या. हिरवी साडी, खांद्याला पर्स, हातात कार्ड तलवारीसारखं धरलेलं.

"मी पैसे भरायला आलेय," त्या दाराच्या चौकटीला उद्देशून म्हणाल्या. "मला कोणाशी काही बोलायचं नाही."

"पैसे भरायला बोलावं लागतंच कुठे," आत्या देव्हाऱ्याला उद्देशून म्हणाली.

"जंगमशेठ, मशीन कुठंय?"

शेठनी परातीकडे बोट दाखवलं. मंदाकाकूंनी परात पाहिली, झेंडू पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, जशी दवाखान्याबाहेर डोलावतात.

"त्याच्या डोक्यावर कार्ड धरा मंदाताई," शेठ म्हणाले. "तुमचं हातात आहे, लगेच लागेल. मी रक्कम टाकतो."

संपलं, मला वाटलं. चाळीस वाघ पलीकडच्या गल्लीत निघाले. आत्या भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि कात्री पूजेत असल्यामुळे तिच्या हातांना काहीच काम नव्हतं. मंदाकाकू वाकल्या.

"शालन," मामा म्हणाले. "नवरात्र आहे. दारी आलेली बाई तशीच जाणार का?"

काही गोष्टी टेबल फॅनपेक्षा मोठ्या असतात. आत्या वळली, करंडा उचलला आणि शत्रूसमोर उभी राहिली. "कुंकू लावते," ती म्हणाली. बोलणं झालं होतं, पण ते कामापुरतं होतं, म्हणून दोघींनी सोडून दिलं.

मंदाकाकूंना पदर सावरायचा होता आणि एका हातात कार्ड होतं.

"द्या, मी धरतो," मामा म्हणाले.

त्यांनी ते कार्ड हातात घेतलं, अगदी आदराने, आणि तितक्याच आदराने परातीत स्वाइप मशीनच्या दुसऱ्या बाजूला ठेवलं. मंदाकाकूंच्या कपाळाला लावून आत्याचं बोट खाली आलं, आणि ओघात त्या कार्डालाही लागलं.

"भावजी!" मंदाकाकू ओरडल्या.

"उद्यापर्यंत," मामा म्हणाले.

आता परातीत एक स्वाइप मशीन होतं, त्याच्या दोन अंगांना दोन कार्डं, दोन्ही पितळेवर, दोन्ही मुकी. आणि काचेमागे शेवटची मशीन. दुकान आठला बंद होणार होतं. कोणी हलायचं नव्हतं, कोणाचं चालत नव्हतं. असा प्रसंग बँकेच्या नियमावलीत नाही. मी नंतर वाचून पाहिली.

आत्या एकदम म्हणाली, "आसन!"

"काय?"

"आसनच दिलं नाही. कात्रीखाली पान आहे, पकडीखाली पान आहे. तुझं कार्ड नुसत्या परातीत ठेवलं मी, घाईत. म्हणून रुसलंय ते." आणि मामांकडे वळून तिने परवानगीचा नव्हे, आव्हानाचा सूर लावला. "आसन देणं म्हणजे हलवणं नाही ना?"

मामा पहिल्यांदाच सापडले. "नाही," त्यांनी कबूल केलं. "तो उपचार आहे."

आत्याने विड्याचं पान घेतलं आणि त्याचं टोक माझ्या कार्डाखाली सरकवलं. कार्ड हललं नाही, फक्त जरा उंच झालं. शेठनी रक्कम टाकली. काही नाही. दुसरं पान. काही नाही. तिसऱ्याला मशीनवरचा दिवा लुकलुकल्यासारखा वाटला, पण ती निरांजनाची ज्योत होती.

"मंदाताई, तुमच्या कार्डाला?" शेठनी व्यवसाय म्हणून विचारलं.

"माझं कार्ड असल्या थेरांवर चालत नाही," मंदाकाकू म्हणाल्या. पण त्यांचे डोळे पानांवर होते. चौथं पान सरकलं तेव्हा त्यांच्या तोंडून निघून गेलं, "देठ बाहेर ठेव गं, शालन. कार्ड कलतंय." आणि त्यांनी जीभ चावली.

आत्याने देठ बाहेर काढला. पाचवं पान घातलं, ते मशीनखालून पार मंदाकाकूंच्या कार्डाखाली गेलं.

टिंग.

आम्ही सगळे उभे राहिलो. राष्ट्रगीत नव्हतं, तरी राहिलो.

"पिन टाका," शेठ म्हणाले.

"कोणाचा?" मी विचारलं.

शेठनी मशीन पाहिलं. मशीनला दोन अंगं होती. "कोणतं कार्ड लागलं ते मला कसं कळणार? ते नुसतं पिन मागतंय."

मंदाकाकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. माझा पिन चालला तर मशीन आत्याची. चुकीचा आला, तर कार्ड त्यांचं, आणि मांजर आमचं.

"टाक," आत्या म्हणाली आणि डोळे मिटले.

मी झेंडू जरा फुंकरीने बाजूला केला, फुंकर म्हणजेही हलवणं नाही, आणि चार आकडे दाबले. मशीनने विचार केला. मग त्याच्या पोटातून कागदाची पट्टी सळसळत बाहेर आली, कुंकवात न्हालेली.

पास.

आत्याने काही केलं नाही. नाचली नाही, रडली नाही. ती आत गेली, चहा ठेवला आणि पातेल्यात मंदाकाकूंचंही पाणी घातलं, हे मी पाहिलं. पण मंदाकाकू थांबल्या नाहीत. "उद्या कार्ड न्यायला येते," एवढं चौकटीला सांगून निघून गेल्या. जंगमशेठ मात्र दिवे लागेपर्यंत व्हरांड्यात बसून होते. शिलाई मशीनवाले आले, इस्त्रीवाले आले, सगळे चपला काढून आत येऊन कार्ड टेकवून, आत्याचा करंडा पोचायच्या आत पळून गेले.

दसऱ्याच्या सकाळी मी उत्तरपूजेची वाट बघत बसलो होतो. मला वाटलं होतं तास-दीड तास लागेल, गुरुजी येतील. मामा आले. चिमूटभर अक्षता परातीवर टाकल्या, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटले आणि माझं कार्ड उचलून माझ्या हातात दिलं.

"झालं?"

"झालं."

"एवढंच?"

"एवढंच."

"मामा, हे काल करता आलं असतं का? सकाळी, मी टॉवेलवर असताना?"

"आलं असतं की. अडचण असली तर अक्षता टाकून केव्हाही हलवतात."

"मग?"

मामा पकडीवरचं कुंकू पुसत राहिले. "सकाळी मला तुझी गंमत वाटली. दुपारी जंगमाचा फोन वाजला. सहा वर्षांत मंदा या घरात आली नव्हती. फोनवर दोघींपैकी कोणी बोलणार नाही, लग्नात भेटल्या तर पंगतीच्या दोन टोकांना. एवढ्या सगळ्या वेळात तिला इकडे यायला भाग पाडील असं एक स्वाइप मशीन मी पहिल्यांदा पाहिलं."

"आणि तिचं कार्ड आधी लागलं असतं तर?"

"मशीन काय रे," मामा म्हणाले. "पुढच्या वर्षी आली असती."

हे आत्याने ऐकलं नाही, म्हणून मामा अजून हयात आहेत.

मंदाकाकू कार्ड न्यायला आल्या तेव्हा हातात आपट्याची पानं होती. रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून, असं त्या म्हणाल्या. काचेमागची मशीन एव्हाना खोलीत, त्यांच्या जुन्या जागेवर ठेवली होती, आणि आत्या तिच्यासमोर पुस्तिका उलटी धरून बसली होती. मंदाकाकूंनी पुस्तिका सुलटी केली. आत्याने सोनं घेतलं. मग आत्या उठली आणि टेबल फॅनमागची ती छोटी खुंटी दाबली. सहा वर्षं एकाच दिशेला बघणाऱ्या त्या फॅनने कुरकुरत मान वळवली, मंदाकाकूंकडे पाहिलं, परत आत्याकडे पाहिलं, आणि फिरू लागला.

संध्याकाळी पथकाच्या ताईंनी वाघ पाहिला आणि त्या एक पाऊल मागे सरकल्या. चाळीस जाकिटं दोघींनी मिळून केली. कापणं मंदाकाकूंचं, वाघ आत्याचे. भिशी लागली, बिल आलं, आत्याने किमान रकमेच्या आकड्यावर अंगठा ठेवला आणि खालचा मोठा आकडा मला वाचून दाखवला. तो अख्खा भरला. पण हे मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं. सांगितलं नव्हतं.

मधल्या काळात त्या कार्डाची मुदत संपली. बँकेने नवं पाठवलं आणि सोबत सूचना: जुन्या कार्डाचे कात्रीने तुकडे करून नष्ट करावेत. आत्याने ती सूचना दोनदा वाचायला लावली. "पूजलेल्या हत्याराचे, पूजलेल्या कात्रीने?" असं विचारून तिने कार्ड माझ्याकडून काढून घेतलं. ते आता भरतकामाच्या मशीनच्या खणात असतं आणि दर खंडेनवमीला परातीत मधोमध बसतं, आधी आसन देऊन. नवं कार्ड कडेला, टेस्टरशेजारी. त्याची अजून सेवा झालेली नाही.

सबब, माननीय शाखाधिकारी, कार्ड विभाग, यांस विनंतीपूर्वक कळविण्यात येते की, सदर मुदतबाह्य कार्डास तुकडे करण्याच्या अटीतून सूट देऊन सन्मानपूर्वक सेवानिवृत्त घोषित करावे. त्यास प्रतिवर्षी खंडेनवमीची एक दिवसाची पगारी रजा मागील वर्षांसह मंजूर करावी. आणि त्याच्या आसनाकरिता विड्याची पाच पानं, देठासह, अष्टमीच्या आत आमच्या पत्त्यावर बँकेच्या खर्चाने पोहोचतील अशी व्यवस्था करावी. फॅनच्या तेलाचा खर्च अर्जदार स्वतः करीत आहे.